जलरंगाकडून लाकडाकडे : एका चित्रकर्तीच्या शैलीबदलाचं प्रकरण

हे प्रकरण पुण्यातल्या एका चित्रकर्तीचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि त्यांना इथे नुसतं 'ताई' म्हटलं आहे. मी मुद्राचित्रं, म्हणजे ठशावरून कागदावर छापलेली चित्रं, करतो आणि शिकवतो. ताई कोरकाम शिकायला माझ्याकडे येत, त्यामुळे बराचसा भाग जवळून पाहिलेला आहे. उरलेला त्यांच्या स्केचबुकांतून आणि गप्पांतून कळला. लिहायला त्यांची संमती आहे.

पार्श्वभूमी

ताई पन्नाशीला टेकलेल्या. शाळेत चित्रकला शिकवतात. दरवर्षी मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसवायचं, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र घोटून घ्यायचं, ही त्यांची नोकरी. स्वतःचं काम म्हणजे जलरंगातली निसर्गचित्रं. रविवारी पहाटे चित्रकार मित्रमैत्रिणींबरोबर निघायचं आणि ऊन चढायच्या आत चित्र संपवायचं. वाईचा गणपती घाट, मेणवली, सासवडचं संगमेश्वर, पुण्यातल्या पेठांमधले उरलेसुरले वाडे ही त्यांची नेहमीची ठिकाणं.

महाराष्ट्रात जलरंगाची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. आबालाल रहिमानांनी कोल्हापूरचा परिसर रंगवला. सावळाराम हळदणकरांचं, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात बघायला लोक आजही मुद्दाम जातात. या परंपरेत तयार झालेल्या हाताला पारदर्शक रंग कसा टाकायचा आणि कागदाचा पांढरा कुठे राखायचा, हे वेगळं सांगावं लागत नाही. ताईंचा हात त्यातलाच.

त्यांची पद्धत ठरलेली होती. अर्धा इंपिरियल, म्हणजे १५ बाय २२ इंचांचा, ३०० जीएसएमचा जाड कागद. आधी आकाश, ओल्यावर ओलं, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना तपकिरी एकत्र करून येणारा राखाडी रंग लांबच्या डोंगराला आणि सावल्यांना. पायऱ्यांवरचं ऊन म्हणजे कोरा कागद. शेवटी एक लाल ठिपका, मग तो कुणाचं लुगडं असो की कुणाची छत्री. चित्रं सुंदर होत, विकलीही जात. बंगल्याच्या दिवाणखान्यात, दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात, लग्नाच्या आहेरात ती जात. नोकरीच्या पगाराला त्यांची चांगली जोड होती आणि पुढे येणाऱ्या गोष्टींमध्ये या उत्पन्नाला महत्त्व आहे.

अडचण

एका प्रदर्शनात एक जोडपं त्यांच्या चित्रासमोर थांबलं. गृहस्थ म्हणाले, "हे आपल्याकडे आहे ना?" बाई म्हणाल्या, "नाही हो, आपल्या चित्रात होडी आहे." चित्र गेल्याच महिन्यातलं होतं. त्या दोघांच्या मनात काहीच वावगं नव्हतं, उलट त्यांनी आणखी एक चित्र घेतलं. पण ताईंच्या डोक्यातून ते वाक्य जाईना.

त्यांनी पुढे जे केलं, ते मला या प्रकरणातलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल वाटतं. मनातल्या मनात कुढत बसण्याऐवजी त्यांनी गेल्या दहा वर्षांतल्या चित्रांचे फोटो फोनवर कृष्णधवल केले, अगदी छोटे करून एका पानावर ओळीने लावले आणि ते पान छापून भिंतीवर डकवलं. रंग गेल्यावर सांगाडा उघडा पडला. डाव्या कोपऱ्यात खाली गडद पाचर, मध्यापासून जरा उजवीकडे उजेडाचा तुकडा, मागे फिकट पडदा. घाट असो, वाडा असो, भाताचं खाचर असो, बहुतेक सगळीकडे तेच. जागा बदलत होती, चित्र तेच राहत होतं.

दुसरी गोष्ट त्याहून नाजूक होती. बघणारे त्यांच्या चित्रातल्या 'तरलते'चं कौतुक करत. ती तरलता येई आकाश आणि डोंगर यांच्या सीमेवर, जिथे रंग ओल्या कागदावर आपोआप पसरतो. ताईंनी मला विचारलं, "यात माझं किती आणि पाण्याचं किती?"

हा प्रश्न इतक्या नेमक्या शब्दांत फार कमी चित्रकार स्वतःला विचारतात. आपण ज्याला 'माझी शैली' म्हणतो, त्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: आपली नजर, हाताची सवय आणि माध्यमाचा स्वभाव. एकाच माध्यमात वीस-बावीस वर्षं काढली की या तिन्ही एकमेकींत अशा मुरतात की कुठली कुठे संपते, ते कळेनासं होतं. ताईंची अडचण कौशल्य कमी पडण्याची नव्हती. कौशल्य इतकं तयार झालं होतं की कुठल्याही जागेपुढे बसल्यावर निर्णय घ्यायचं कामच उरलं नव्हतं. हात आधीच ठरवून बसलेला असे.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय अ‍ॅक्रिलिक. मित्रमंडळींनी तोच सुचवला. कॅनव्हास मोठा करता येतो, काच-फ्रेमची कटकट नाही, भाव जास्त मिळतो. ताईंनी दोनतीन कॅनव्हास करून बघितले. मी ते पाहिले आहेत. अ‍ॅक्रिलिकमध्ये भरपूर पाणी घालून त्यांनी तेच आकाश आणलं होतं आणि चांगलं आणलं होतं. अडचण नेमकी तीच. जे माध्यम पाण्याने पातळ होतं, त्यात त्यांचा हात जुनी वाट लगेच शोधून काढणार.

दुसरा, टॅब्लेटवर चित्रं. भाच्याने स्वतःचा टॅब्लेट देऊ केला होता. ताईंना मजा आली, पण प्रत्येक फटकारा मागे घेता येतो म्हटल्यावर त्या प्रत्येक फटकारा मागे घेऊ लागल्या. शिवाय शाळेचं ऑनलाइन काम करून थकलेले डोळे रात्री पुन्हा पडद्यावर नको होते.

तिसरा, एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर रेघा खोदून छापायची पद्धत. ताईंना सर्वांत आकर्षक हेच वाटत होतं, कारण त्यात अ‍ॅक्वाटिंट करता येतं आणि करड्या छटांचे सुंदर थर मिळतात. पण त्याला जस्ताचे पत्रे, अ‍ॅसिड आणि दाबयंत्र लागतं. दोन खोल्यांच्या घरात ते शक्य नाही. प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या स्टुडिओवर अवलंबून राहावं लागतं आणि नोकरी करणाऱ्या माणसाला आठवड्यातून एखादी संध्याकाळ मिळते. माझाही याला विरोध होता, तो वेगळ्या कारणाने. अ‍ॅक्वाटिंट त्यांना पुन्हा त्या धूसर राखाडीकडेच नेणार होतं.

चौथा, लिनोकट आणि काष्ठमुद्रा, म्हणजे लिनोलियमच्या मऊ पत्र्यावर किंवा लाकडावर कोरून, शाई लावून घेतलेला छाप. खर्च कमी. जेवणाच्या टेबलावर कोरता येतं. दाबयंत्र नसलं तरी कागद कोरलेल्या ब्लॉकवर ठेवून चमच्याच्या पाठीने घोटून छाप घेता येतो. आणि या माध्यमात पाणी काहीही करून देत नाही. जो पांढरा हवा तो कोरून काढायचा, जो काळा हवा तो ठेवायचा.

पाचवा पर्याय, जलरंगातच राहून स्वतःवर बंधनं घालायची. दोनच रंग, चौकोनी कागद, घाटवाडे वर्ज्य. यावर तेव्हा पुरेसा विचार झाला नाही. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

पहिला निर्णय : माध्यम कुठल्या कसोटीवर निवडायचं

माझ्याकडे येणारे बहुतेकजण विचारतात, "मला कुठलं माध्यम जमेल?" ताईंना मी उलटा प्रश्न सुचवला: तुमचा सर्वांत हुकमी डाव कोणता आणि तो कुठल्या माध्यमात अजिबात चालणार नाही? त्यांचा हुकमी डाव ओल्यावर ओलं. लाकडात तो अशक्य. म्हणून लाकूड.

आपल्याकडच्या मोठ्या चित्रकारांच्या साधनांकडे बघितलं तरी ही कसोटी पटते. वासुदेव गायतोंडेंनी रोलर आणि पॅलेट नाइफ हाती घेतल्यावर ब्रशच्या फटकाऱ्यातून दिसणारी हाताची लकब त्यांच्या चित्रातून मागे सरली. प्रभाकर बरव्यांनी एनॅमल रंग कॅनव्हासवर वापरला. सपाट, चकचकीत आणि छटा सहजी मिसळू न देणारा रंग. असा रंग हाती घेतला की वस्तूचा आकार आणि तिच्याभोवतीची मोकळी जागा यांचाच विचार करावा लागतो. दोघांच्याही बाबतीत साधनाने काही सोयी काढून घेतल्या आणि उरलेल्या जागेत विचार शिरला, असं मला वाटतं.

ताईंनी ठरवलं की वर्षभर संध्याकाळी फक्त कोरकाम करायचं. रविवारी बाहेर जायचं, पण रंगाची पेटी घरी ठेवून, पेन्सिल आणि स्केचबुक घेऊन. जुन्या ग्राहकांनी सांगितलेली चित्रं मात्र बंद केली नाहीत. घर त्यावर काही अंशी चालत होतं आणि उगाच धाडस करण्यात अर्थ नव्हता.

सुरुवात आणि पहिलं अपयश

सुरुवात लिनोने झाली. लिनोला रेघा नसतात, हत्यार कुठल्याही दिशेला सारखंच चालतं. थंडीत तो कडक होतो, मग थोडा वेळ उन्हात ठेवला की लोण्यासारखा कापला जातो. व्ही आणि यू आकाराची दोनचार हत्यारं, एक रबरी रोलर, शाई लाटायला काचेचा तुकडा आणि ऑफसेट छपाईची काळी शाई, एवढंच सामान.

पहिले काही महिने ताईंनी स्वतःच्या जलरंगचित्रांचीच लिनोत नक्कल केली. वाईच्या घाटाचा एक ब्लॉक मला चांगला आठवतो. आकाशात राखाडी हवा म्हणून त्यांनी बारीक व्ही हत्याराने शेकडो समांतर रेघा कोरल्या होत्या, डोंगराला जरा दाट रेघा, पाण्याला आडव्या. कौतुकास्पद चिकाटी होती, छपाईही स्वच्छ होती. पण चित्र निर्जीव होतं. जलरंगात जे एका श्वासात झालं असतं, त्याची मजुरी करून काढलेली प्रत, इतकंच.

कागदाचाही घोळ झाला. घरात असलेला जाड, खरबरीत जलरंगाचा कागद त्यांनी वापरला. चमच्याने कितीही घोटलं तरी त्या खळग्यांमध्ये शाई पोचेना, काळ्यात पांढरे ठिपके राहत. हाताने घोटायला पातळ आणि लांब धाग्यांचा कागद लागतो. नेपाळी लोक्ता कागद त्यासाठी उत्तम: घोटताना मागून काळं उमटत आलेलं दिसतं, कुठे दाब कमी पडला ते तिथल्या तिथे कळतं. कागद बदलल्यावर छाप सुधारले, चित्रं तशीच राहिली.

याच टप्प्यावर बरेचजण नवं माध्यम सोडून देतात. 'हे आपलं नाही' असं त्यांना वाटतं. खरं तर तोवर नव्या माध्यमात काम सुरूच झालेलं नसतं. जुन्याच कामाचं भाषांतर चालू असतं.

दुसरा निर्णय : राखाडी सोडायचा

ताईंनी तेव्हा काळ्या-पांढऱ्यात काम केलेल्यांची चित्रं बारकाईने पाहायला घेतली. नंदलाल बोस यांचा १९३० सालचा दांडीयात्रेतल्या गांधीजींचा लिनोकट, काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांत उभी राहिलेली काठी घेतलेली आकृती. बंगालच्या दुष्काळाची चित्रं काढून नंतर मुंबईत अंधेरीला राहिलेल्या चित्तप्रसाद यांचे लिनोकट. त्यांत राखाडीची नक्कल कुठेच नाही. काळ्याचा आकार आणि पांढऱ्याचा आकार दोघेही तितकेच जोरकस आहेत.

मग त्यांनी कामाची पद्धतच उलटी केली. आधी ब्लॉकवर कार्बन पेपरने चित्र उतरवून घेत. आता पूर्ण ब्लॉकच काळ्या शाईने रंगवायचा आणि त्यावर पांढऱ्या खडूने काढायचं. म्हणजे हत्याराचा प्रत्येक ओरखडा लगेच उजेड म्हणून दिसतो. जलरंगात कागद उजेड असतो आणि चित्रकार हळूहळू सावली टाकत जातो. इथे सगळी रात्र आधीच असते, उजेड खणून काढायचा.

फरक पहिल्याच ब्लॉकात दिसला. विषय घाटच होता. पण पायऱ्यांचं ऊन आता 'राखून ठेवलेलं' नव्हतं. प्रत्येक पायरीची कड कोरावी लागली आणि कोरताना ताईंना कळलं की घाटाच्या पायऱ्या कशा जातात, कुठे वळतात, कुठे झिजल्यात, हे त्यांनी इतक्या वर्षांत नीट पाहिलंच नव्हतं. जलरंगात दोन फटकाऱ्यांत पायऱ्यांचा भास होत असे आणि भास पुरत असे. पुढच्या रविवारी त्या वाईला जाऊन सकाळभर फक्त पायऱ्या काढत बसल्या.

तिसरा निर्णय : उलटं देऊळ

छाप आरशासारखा उलटा येतो, हे माहीत असूनही एका मोठ्या ब्लॉकात ताईंनी स्केच सरळच उतरवलं. घाटावरचं ढोल्या गणपतीचं देऊळ नदीच्या चुकीच्या अंगाला गेलं. रविवारच्या ग्रुपमधल्या, मूळच्या वाईच्या एका काकांनी प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, पाहताक्षणी सांगितलं, "ताई, हे आमचं वाई नव्हे."

दोन मार्ग होते. ब्लॉक टाकून द्यायचा आणि ट्रेसिंग उलटं करून पुन्हा कोरायचा, किंवा आहे तसं ठेवायचं. माझा सल्ला पुन्हा कोरण्याचा होता, कारण वाईचं चित्र वाईच्या माणसाला ओळखू यावं, असं मला वाटत होतं. ताईंनी आठवडाभर प्रूफ भिंतीवर लावून ठेवलं आणि मग वेगळाच मार्ग काढला. ब्लॉकमधून देऊळ कोरून काढून टाकलं. तिथे पांढरं रिकामं आकाश राहिलं, खाली पायऱ्या, त्यावर वाळत घातलेली धोतरं-लुगडी आणि एक पालथी घातलेली कळशी.

मला त्या वेळी ते घाईचं वाटलं. आज मी या निर्णयाला सगळ्या प्रकरणातला कळीचा मानतो. देऊळ होतं तोवर चित्र 'वाईचं चित्र' होतं, ओळखीवर उभं असलेलं. देऊळ गेल्यावर त्यात काय बघायचं, हे ताईंना स्वतः ठरवावं लागलं. त्यांनी बघितले ते कपडे, जे जलरंगात नेहमी शेवटचा लाल ठिपका म्हणून यायचे. तिथून पुढे त्यांचा विषयच सरकला: दोरीवरचे कपडे, दुकानांची बंद शटरं, शाळेच्या व्हरांड्यातल्या चपलांच्या रांगा. वर्षानुवर्षं रोज डोळ्यांसमोर असलेल्या, पण जलरंगात 'चित्रासारख्या' न वाटलेल्या गोष्टी.

चौथा निर्णय : लिनो सोडून लाकूड

लिनोवर हात बसला तसा तो फार आज्ञाधारक वाटू लागला. म्हणाल ते ऐकणारं माध्यम पुन्हा सवयीकडे नेतं, हे ताईंच्या आता लक्षात येत होतं. त्यांनी प्लायवूड घेतलं, मग सुताराकडून रंधून घेतलेल्या आंब्याच्या फळ्या.

लाकडात रेघा असतात. त्यांच्या दिशेने हत्यार सरसर जातं, त्यांना आडवं गेलं तर अडतं, प्लायवूडचा वरचा थर तर सालपटासारखा उचकटून येतो. आडवं जायचं असेल तर आधी धारदार सुरीने कडा कापून घ्याव्या लागतात आणि हत्यार सतत परजलेलं हवं. गती मंदावते. प्रत्येक रेषेआधी क्षणभर थांबून दिशा ठरवावी लागते. ज्या निर्णयांची उणीव ताईंना जाणवत होती, ते लाकडाने पुन्हा त्यांच्यासमोर आणून ठेवले.

एक गोष्ट इथे सविस्तर सांगण्यासारखी आहे. नदीचं पाणी काळ्या-पांढऱ्यात कसं दाखवायचं, हा प्रश्न सुटत नव्हता. कोरलेल्या लाटा शोभेच्या नक्षीसारख्या दिसत. मी त्यांना तारेचा ब्रश दिला. लाकडाच्या रेघांच्या दिशेने तो जोरात घासला की मऊ भाग झिजतो, टणक रेघा वर राहतात आणि त्या शाई घेतात. फळी आडवी धरली होती, रेघा आडव्या होत्या. ताईंनी पाण्याच्या जागी काहीही कोरलं नाही, फक्त घासलं. छाप घेतला तर आंब्याच्या लाकडाची वाढ, तिच्यातली गाठ आणि गाठीभोवतीचा वळसा, हे सगळं संथ पाणी आणि एक भोवरा म्हणून उमटलं. नॉर्वेच्या एडवर्ड मुंक या चित्रकाराने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी आपल्या काष्ठमुद्रांत लाकडाच्या रेघा अशाच उघड्या ठेवल्या होत्या. ब्लॉकचे करवतीने तुकडे करून, वेगवेगळी शाई लावून, पुन्हा जोडून तो छाप घेई. ताईंनी हेही नंतर करून पाहिलं आणि एका चित्रातलं लाल लुगडं तसंच छापलं.

'यात माझं किती आणि पाण्याचं किती' हा प्रश्न आता 'माझं किती आणि लाकडाचं किती' असा झाला, असं कुणी म्हणेल. फरक आहे. जलरंगात पाणी काय करणार, हे ताईंना पाठ होतं. लाकडातली गाठ कुठे आहे ते बघून, तिच्यासाठी चित्रात जागा त्यांनी स्वतः शोधली होती.

पावसाळा

जुलैत एक आवृत्ती, म्हणजे एकाच ब्लॉकवरून काढलेला छापांचा संच, खराब झाली. ऑफसेटची शाई दमट हवेत वाळायला बरेच दिवस घेते. वरून वाळल्यासारखे वाटणारे छाप ताईंनी एकावर एक रचून ठेवले आणि काळं वरच्या कागदांच्या पाठीला लागलं. बारांपैकी निम्मे छाप गेले. पुढे घरात दोऱ्या बांधून चिमट्यांनी छाप टांगायची सोय केली आणि ऐन पावसाळ्यात कोरायचं, छपाई दिवाळीच्या आगेमागे करायची, असं वेळापत्रकच ठरवून टाकलं. ते अजून पाळतात.

पाचवा निर्णय : प्रदर्शन

दीड-दोन वर्षांपूर्वी घेऊन ठेवलेली कलादालनाची तारीख जवळ आली. ग्राहकांना जलरंगांची अपेक्षा होती. तीन मार्ग होते: फक्त जलरंग लावून खर्च भरून काढायचा; फक्त मुद्राचित्रं लावून धोका पत्करायचा; किंवा दोन्ही. घरच्यांचा कल पहिल्याकडे होता, माझा दुसऱ्याकडे. ताईंनी दोन्ही लावलं, पण भिंती वेगळ्या ठेवल्या आणि मुद्राचित्रांच्या भिंतीखाली टेबलावर शाईने माखलेले ब्लॉक, रोलर आणि चमचा मांडला.

ते टेबल नसतं तर निम्म्या लोकांनी ती चित्रं झेरॉक्स समजून सोडून दिली असती. आपल्याकडे एका ब्लॉकवरून हाताने काढलेल्या बारा छापांपैकी प्रत्येक छाप मूळ कलाकृती असतो, हे अजून समजावून सांगावं लागतं. चित्राखाली पेन्सिलीने लिहिलेलं ३/१२ म्हणजे बारांपैकी तिसरा छाप, हे ताईंनी चार दिवस न कंटाळता सांगितलं. शाळेतल्या सवयीचा इथे उपयोग झाला.

निष्पन्न

विक्रीचं आधी सांगतो. जलरंग नेहमीपेक्षा कमी गेले, कारण भिंत अर्धी होती. मुद्राचित्रांचा भाव जलरंगाच्या साधारण एक तृतीयांश ठेवला होता, ती बऱ्यापैकी गेली, पण एकूण रक्कम आधीच्या प्रदर्शनाइतकी झाली नाही. त्या वर्षी ताईंची चित्रांची कमाई घटली. काही जुने ग्राहक परत आले नाहीत. नवे आले ते तरुण, भाड्याच्या घरात राहणारे, पहिल्यांदाच मूळ चित्र विकत घेणारे.

कामाच्या बाजूने जे झालं ते माझ्या दृष्टीने जास्त मोलाचं. वर्षभराने ताईंनी स्वतःच्या कामासाठी जलरंगाची पेटी पुन्हा उघडली. पहिल्या चित्रांत आकाश नव्हतंच, कागदाचा वरचा निम्मा भाग कोरा होता. कडा कोरड्या आणि ठाम. सावल्या धूसर न करता एकाच गडद फटकाऱ्यात ठेवलेल्या, लाकडात ठेवतात तशा. ओल्यावर ओलं एका जागी होतं, दोरीवरच्या ओल्या चादरीच्या खालच्या काठाला, जिथून पाणी ठिबकत होतं. पूर्वी संपूर्ण चित्रभर पसरलेला डाव आता गरज होती तिथेच आला.

त्यांनी याही चित्रांचे फोटो कृष्णधवल करून जुन्या पानाशेजारी लावले. सांगाडे वेगवेगळे होते. आणि तरीही दोन्ही पानांवर एकच माणूस दिसत होता: कमी उंचीवरून, जणू पायरीवर बसून बघणारी नजर, माणसं पाठमोरी किंवा अजिबात नाहीत, उजेड नेहमी उशिरा सकाळचा. माध्यम बदलूनही जे टिकलं ते हे. ताईंचं किती, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट शरीराची. सुरुवातीला ताई ब्लॉक डाव्या हाताने धरून कोरत. हत्यार बोथट झालं की माणूस जोर लावतो आणि जोर लावला की ते सटकतं. तळव्याला टाके पडले. नंतर उजव्या अंगठ्याच्या शिरेला सूज आली आणि जवळजवळ दोन महिने काम बंद ठेवावं लागलं. एका फळीच्या पुढच्या काठाला वरून आणि मागच्या काठाला खालून पट्टी ठोकली की ब्लॉक तिच्यावर अडकून राहतो, दोन्ही हात हत्यारामागे राहतात. ही फळी आणि धार लावायचा दगड या गोष्टी पहिल्या दिवसापासून हव्यात. पन्नाशीच्या आसपास नवं हस्तकौशल्य शिकणाऱ्याने तर सलग तासभराच्या वर कोरूच नये.

दुसरी, पैशाची. उत्पन्न घटणार, हे आधीच दिसत होतं. मुद्राचित्रांची छोटी, पोस्टकार्ड आकाराची आवृत्ती प्रदर्शनाआधी सहा महिने काढून जुन्या ग्राहकांना पाठवता आली असती. बदल त्यांच्यापर्यंत हळूहळू पोचला असता. ताई आता दर दिवाळीला तेच करतात.

तिसरी, नोंदींची. कुठल्या छापाला शाई किती, कागद कुठला, वाळायला किती दिवस लागले, हे सुरुवातीच्या काळात लिहिलंच गेलं नाही. चांगला आलेला एक छाप पुन्हा तसा काढता आला नाही, तो यामुळे.

चौथ्या मुद्द्यावर आमचे मतभेद आहेत. मला अजूनही वाटतं की पाचवा पर्याय, जलरंगातच बंधनं घालण्याचा, आधी तीन महिने करून बघायला हवा होता. भिंतीवरच्या त्या कृष्णधवल पानाने दुखणं दाखवलं होतंच. डावी गडद पाचर वर्ज्य, आकाश वर्ज्य, एवढ्या दोन नियमांनीही बरंच काही हललं असतं आणि उत्पन्नाला धक्का लागला नसता. ज्यांना हत्यारं, जागा, वेळ परवडत नाही, त्यांना मी आता हाच मार्ग आधी सांगतो.

ताईंचं म्हणणं वेगळं आहे. "नियम मीच घातले असते, तर मीच मोडले असते," असं त्या म्हणतात. ब्रश हातात असताना आकाश न रंगवण्याचा निश्चय दुसऱ्या रविवारपर्यंतही टिकला नसता, लाकडापुढे मात्र पर्यायच नव्हता. सध्या त्या तीन फळ्या जोडून एक मोठा ब्लॉक कोरत आहेत, विषय शाळेच्या व्हरांड्यातल्या चपला. छपाई दिवाळीच्या सुट्टीत करायची ठरली आहे.